समेचा हिशोब

मैफलीत गायक आणि श्रोता यांच्यात विश्वासाचा जो व्यवहार होतो तो त्याच बैठकीत पुरा होतो. श्रोत्याने दिलेल्या वेळेचा आणि लक्षाचा मोबदला त्याला तिथल्या तिथे मिळतो किंवा मिळत नाही, आणि तो मिळाला की नाही हे ठरवायला त्याला दुसऱ्या कुणाच्या दाखल्याची गरज पडत नाही. हिंदुस्थानी संगीतात या व्यवहाराला काटेकोरपणा येतो तो तालामुळे. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचे पुन्हापुन्हा फिरणारे चक्र. त्याची एक फेरी म्हणजे आवर्तन आणि फेरी जिथे येऊन मिळते ती पहिली मात्रा म्हणजे सम. एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्याच्या रचनेला तिहाई म्हणतात. त्रितालाच्या १६ मात्रांत समेपासूनच तिहाई घ्यायची असेल, तर पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रेची विश्रांती मिळून १७ मात्रा होतात, आणि म्हणूनच शेवटचा आघात पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. हा हिशोब एका मात्रेने चुकला तरी तो तबलजीला कळतो, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याला कळतो आणि समोरच्या जाणकारालाही कळतो. कलावंताची प्रतिष्ठा अशा असंख्य जागच्या जागी केलेल्या परतफेडींतून उभी राहते, आणि ती खरी असते ती याच कारणाने.

अडचण सुरू होते ती ही प्रतिष्ठा कलेच्या क्षेत्रातून उचलून पैशाच्या क्षेत्रात नेली जाते तेव्हा. ठेव ठेवणाऱ्याला मिळालेले वचन भविष्यातले असते, ते पाळले जाईल की नाही हे त्याला आज ऐकून किंवा पाहून ठरवता येत नाही, आणि तरीही समोरच्या व्यक्तीचा आवाज, वावर आणि नाव यांवरून आपल्याला ते ठरवता येते असे त्याला वाटत राहते. महत्त्वाकांक्षी कलावंताची गुंतवणूक योजना फसवणुकीत कशी बदलते याचे एक जुने आणि विलक्षण स्पष्ट उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या म्युनिक शहरात सापडते.

आडेले स्पिट्झेडर १८३२ मध्ये बर्लिनमध्ये गायकांच्या घरात जन्मली. वडील योझेफ आणि आई बेटी व्हिओ हे दोघेही ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या, रंगभूमीवर गाणारे होते. आडेले स्वतः अभिनेत्री झाली, जर्मन प्रदेशातल्या अनेक शहरांत तिने भूमिका केल्या, परंतु राहणीमान सांभाळण्याइतकी कमाई तिला कधी झाली नाही आणि १८६८ मध्ये म्युनिकला परतली तेव्हा ती कर्जात होती. १८६९ मध्ये तिने एका सुताराच्या बायकोकडून १०० गुल्डन, म्हणजे त्या काळचे तिथले चलन, महिना १० टक्के व्याजाने घेतले आणि दोन महिन्यांचे २० गुल्डन व्याज आगाऊ त्याच वेळी तिच्या हातावर ठेवले. हे २० गुल्डन त्या बाईच्याच शंभरातले होते. मात्र हातात पडलेले नाणे पाहून ही बातमी मजुरांत, मोलकरणींत आणि शहराबाहेरच्या डाखाऊ भागातल्या शेतकऱ्यांत पसरली, आणि या पेढीला लोक डाखाऊ बँक म्हणू लागले.

अशा योजनेचा ताळेबंद गणिताने आधीच ठरलेला असतो. महिना १० टक्के व्याज मुद्दलात मिळवत गेले तर देणे साडेसात महिन्यांच्या आत दुप्पट आणि वर्षात तिपटीहून अधिक होते. व्याज दरमहा काढून घेतले तरी दहा महिन्यांत मुद्दलाइतकी रक्कम बाहेर गेलेली असते आणि मुद्दल तसेच देणे राहते. या वेगाने नफा देणारा कोणताही धंदा त्या पेढीमागे नव्हता. तिने घरे आणि जमिनी घेतल्या, पण त्यांतून व्याज भागण्याजोगे उत्पन्न नव्हते, म्हणून जुन्या ठेवीदाराचे व्याज नव्या ठेवीदाराच्या मुद्दलातून दिले जात होते. पुढे १९२० मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पाँझीमुळे या पद्धतीला पाँझी योजना हे नाव मिळाले, पण तिची यंत्रणा म्युनिकमध्ये त्याआधी अर्धशतक पूर्णपणे चालू झालेली होती.

कलेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग मात्र गणिताच्या पलीकडचा आहे. पेढी चालवताना आडेलेने रंगभूमीवर कमावलेले प्रत्येक कौशल्य वापरले. ती साध्या माणसांशी त्यांच्या बोलीत आणि मोकळेपणाने बोले, गळ्यात ठळक क्रूस घालून धर्मनिष्ठ दिसे, गरिबांसाठी तिने स्वस्त जेवणाचे लोकभोजनालय उघडले, वृत्तपत्रांना पैसे देऊन अनुकूल मजकूर छापवून घेतला, आणि आपण कसलेही तारण देत नाही हे ती उघडपणे सांगे, तेव्हा हा स्पष्टपणाच लोकांना प्रामाणिकपणाची खूण वाटे. हिशोबाच्या नावाखाली जवळजवळ ठेवीदारांची नावे आणि रकमा एवढीच नोंद होती. पैशांच्या थैल्या खोल्यांतून पडलेल्या असत. म्हणजे प्रेक्षकाला दिसते ते सारे कसून बसवलेले होते आणि ज्याच्यावर वचन उभे असते तो हिशोब मात्र नव्हताच. काही ठेवीदारांनी एकत्र येऊन न्यायालयाकडे मागणी केल्यावर १२ नोव्हेंबर १८७२ रोजी तिला अटक झाली. सुमारे ३२,००० लोकांचे एकूण ३ कोटी ८० लाख गुल्डन बुडीत धरले गेले, ठेवीदारांना जेमतेम १५ टक्के रक्कम परत मिळाली, कित्येकांची आयुष्यभराची बचत गेली आणि काहींनी जीव दिला. १८७३ मध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर आईचे व्हिओ हे आडनाव लावून ती पुन्हा कलाक्षेत्रात उभी राहू पाहत होती, आणि १८९५ मध्ये म्युनिकमध्येच वारली.

या प्रकरणात फसवणुकीचा आरंभ पहिल्याच दिवशी दाखवता येतो. सामान्य कलावंताच्या बाबतीत ती रेषा इतकी ठळक नसते. एखाद्या गावातला नावारूपाला येणारा गायक संगीतविद्यालय किंवा ध्वनिमुद्रणाची वास्तू उभारण्यासाठी शिष्यांच्या पालकांकडून पैसे घेतो, तेव्हा त्याचा हेतू बहुधा शुद्ध असतो. काम रखडते, परताव्याची तारीख येते, शब्द राखण्यासाठी तो दुसऱ्या पालकांकडून घेतलेले पैसे पहिल्यांना देतो, आणि ही रक्कम कुठून आली हे दोघांनाही सांगत नाही. त्याच्या मते त्याने फक्त वेळ मारून नेलेली असते, परंतु नैतिक दृष्ट्या त्याची योजना त्या क्षणी फसवणूक झालेली असते, कारण नव्या देणाऱ्याला ज्या कामासाठी पैसे मागितले त्या कामासाठी ते वापरलेच गेले नाहीत. तिहाईची सम दर आवर्तनाला पुढे ढकलणारा वादक आणि हा गायक यांची स्थिती एकच असते. फरक इतकाच की पहिल्याची चूक लगेच ऐकू येते आणि दुसऱ्याची चूक त्याच्यावरच्या प्रेमामुळे झाकली जाते.

कर्ज हा स्वतः दोष नव्हे, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासावरून दिसते. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे उंची वस्त्रे, अत्तरे आणि भव्य सजावट यांवरच्या खर्चाने मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. तो खर्च व्यवहाराच्या दृष्टीने अविचारी होता याबद्दल शंका नाही. पण सावकाराला ऋण हे ऋण म्हणून माहीत होते, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे पुढचा प्रयोग होता, ज्याच्या तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षकाला त्याच रात्री पूर्ण नाटक आणि पूर्ण गाणे मिळत होते. तमाशाच्या फडातली उचल, म्हणजे हंगामाआधी कलावंताने मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, हीदेखील अशीच कामाने फिटते. या रीतींत शोषणाला जागा होती आणि आहे, परंतु त्यांत ऋण कशातून फिटणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

म्हणून संगीताच्या शिक्षणात स्वर आणि लय यांच्या जोडीने पैशाच्या हिशोबालाही स्थान असले पाहिजे. बिदागी, शिष्यांचे शुल्क, देणगी आणि कर्ज यांच्या वह्या वेगळ्या ठेवणे, देणगी देणाऱ्याला परताव्याचे आमिष न दाखवणे, आणि पैसे घेण्यापूर्वी ते कोणत्या उत्पन्नातून फिटतील हे देणाऱ्याला एका वाक्यात सांगता येते का हे तपासणे, या गोष्टी कलेबाहेरच्या मानून चालणार नाही. ते वाक्य सांगता येत नसेल तर पैसे घेऊ नयेत, मग देणाऱ्याची श्रद्धा कितीही मोठी असो. श्रोत्याने गळ्यावर ठेवलेला विश्वास गळ्यापुरताच असतो. तो तिथेच स्वीकारून तिथेच फेडणे ही कलावंताची जबाबदारी आहे, आणि ज्याला मात्रेचा हिशोब राखता येतो त्याला ती पार पाडणे अशक्य नाही.