नडगीचे निमित्त

सावनेरला पहाटे छिंदवाड्याच्या रस्त्याने फिरायला जाऊ नये. सैन्यभरतीची स्वप्ने पाहणारी पोरे अंधारात डांबरावरून धापा टाकत शेजारून जातात आणि आपल्याला आपल्या पोटाची लाज वाटते. कामठीची छावणी जवळ. ती 1821 पासूनची. लष्कराची ओढ इकडे जुनीच.

त्यांतलाच एक माझ्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढी. एकदा लंगडत आला. म्हणाला, "सर, नडगी दुखून राहिली."

"शिपाई व्हायला निघालास आणि नडगीचे निमित्त सांगतोस?" मी म्हटले. वर्ग हसला. तोही हसला. वर्ग हसला की मास्तराला पुढचे काही ऐकू येत नाही.

तो भरती झाला, दूर कुठेसा प्रशिक्षणाला गेला. सहाव्या आठवड्यात नडगीच्या हाडाला तडा गेला. पडला नाही, आपटला नाही. नुसता धावत होता. पहिल्या एक्स-रेत काही दिसलेच नाही. दिसले तीन आठवड्यांनी. तोवर सोबत्यांत तो कामचुकार ठरला होता. माझाच शब्द तिथेही त्याच्या आधी पोचला होता म्हणायचा!

मग मी पुस्तके काढली. (मराठीच्या मास्तराला दुसरे काय सुचणार?) कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांची नोंद ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने 1855 मध्येच केली होती. तो हाडाचा तडा असतो हे क्ष-किरणांनी दाखवले 1897 मध्ये. हाड म्हणजे घराचा वासा नव्हे. ते जिवंत असते. श्रम एकदम वाढले की ते आधी जुना भाग पोखरून काढते, मग नवा भरते. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीनेक महिने लागतात. दम वाढतो, मांड्या भरतात, आणि नेमके तेव्हाच हाड सर्वांत कच्चे असते. त्या वेळी काही आठवडे धावणे थांबवले तर बहुधा निभावते. दामटले तर हाड मोडतेही.

रजेवर आला तेव्हा तो कुबडी घेऊन भेटायला आला. मी जुनी गोष्ट काढली. "जाऊ द्या जी, सर," म्हणाला. चिवडा खाल्ला. धाकटा भाऊ दाराशीच उभा होता, पायांत झिजलेले बूट. तोही धावतो म्हणे.

"तुझी नडगी दुखते का रे?" मी विचारले.

"नाही जी!" उत्तर फार लवकर आले. मी त्याला खुर्चीवर बसवले आणि एका बोटाने नडगी दाबत खाली आलो. एका जागी त्याने पाय मागे ओढला.

"नाही जी," तो पुन्हा म्हणाला.