कोच बदलतो, मालक तेच

मँचेस्टर युनायटेड हरलं की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो: कोचला हाकला. मी शाळेपासून या क्लबचा फॅन आहे, पण माझा राग कोचवर फार वेळ टिकत नाही.

२००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. २०१३ मध्ये सर ॲलेक्स फर्ग्युसन आणि कारभार सांभाळणारे डेव्हिड गिल एकदमच गेले. गिलच्या जागी आले एड वुडवर्ड, त्या खरेदीत ग्लेझरना मदत करणारे बँकर. मग मॉयस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार. प्रत्येकाचा खेळ वेगळा. एकासाठी घेतलेले खेळाडू दुसऱ्याला नकोसे. लीग तेव्हापासून एकदाही जिंकलेली नाही.

जिम रॅटक्लिफ आल्यावर तरी? २०२४ च्या जुलैत टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. त्याच वर्षी सुमारे २५० नोकऱ्यांवर कुऱ्हाड. तो सीझन संपला तेव्हा टीम पंधरावी.

आयटीत असल्यामुळे मला त्या २५० जणांचंच जास्त वाटतं. निर्णय वरच्या मजल्यावर चुकले, नोकऱ्या खालच्यांच्या गेल्या. कोच टचलाइनवर दिसतो, म्हणून शिव्या त्याला. त्याला निवडणारे मात्र पुढचा कोच निवडायला तिथेच असतात. सगळ्यात मोठा हिस्सा आजही ग्लेझरांकडेच आहे.