एकविसाचा डाव

पत्त्यांचा खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, अशी सुशिक्षित घरांतून एक रूढ समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नसली, तरी निर्णय कसा घ्यावा हे काही खेळ इतक्या स्पष्टपणे शिकवितात की त्यांची सरसकट हेटाळणी करणे उचित नव्हे. ज्यास ब्लॅकजॅक म्हणतात तो एकविसाचा डाव त्यांपैकीच एक.

खेळ साधा. राजा, राणी व गुलाम यांचे १० गुण, एक्क्याचा १ किंवा ११, बाकी पानांचे अंकाप्रमाणे. बेरीज २१ च्या जितकी जवळ तितके बरे. पुढे गेली की डाव बुडाला. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते. त्याने १६ पर्यंत पान घेतलेच पाहिजे व १७ वर थांबलेच पाहिजे. बुद्धी चालविण्याची मुभा केवळ आपणांस. परंतु आपण आधी खेळतो, आणि आपण बुडालो की मागाहून तो बुडाला तरी आपले गेलेले परत येत नाही. त्याच्या फायद्याचे मूळ येथेच आहे.

नगरास चितळे रस्त्यावरील आमच्या घरी दिवाळीच्या सुटीत हा डाव चिंचोक्यांवर रंगतो. मातोश्री १२ झाले की थांबतात. बुडण्यापेक्षा बसलेले बरे, हे त्यांचे धोरण. धाकटे बंधू वाटणाऱ्याचेच अनुकरण करीत १७ पर्यंत पाने ओढतात. गणिताने पाहता पहिल्या रीतीत शंभरामागे सुमारे ४, तर दुसरीत सुमारे साडेपाच चिंचोके जातात. भीती आणि अनुकरण या दोहोंचीही किंमत अशी ठरलेली आहे!

उत्तम रीत कोणती, हे १९५६ साली बाल्डविन प्रभृती चार अमेरिकनांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून प्रसिद्ध केले. तिचे सार असे की, आपल्या पानांइतकेच वाटणाऱ्याच्या उघड्या पानाकडे पाहावे. एक्का नसता आपली बेरीज १३ ते १६ असून त्याच्यापुढे दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान असेल तर थांबावे, कारण तेव्हा त्याच्या बुडण्याचा संभव एरवीपेक्षा अधिक. सत्ती वा तिच्यावरचे असेल तर पान मागावे. १६ वर पान मागितले तर १३ प्रकारच्या पानांपैकी ८ आपणांस बुडवितात; तथापि समोर दश्शी असता मागणेच किंचित हिताचे. दोन्ही मार्गांनी चारांपैकी सुमारे तीन डाव हरावयाचेच. हे सारे पाळूनही शंभरामागे सुमारे अर्धा चिंचोका जातोच.

आमचा भाचा हे कोष्टक मुखोद्गत करून, पहिला पगार घेऊन गोव्यास मांडवीतील कॅसिनोच्या नौकांवर जाण्याच्या बेतात होता. (महाराष्ट्रात कॅसिनोंसंबंधी १९७६ साली झालेला कायदा कधी अमलात आला नाही व २०२३ साली रद्द झाला.) दोन संध्याकाळ आम्ही त्यास चिंचोके देऊन बसविले. पहिल्या दिवशी तो कोष्टक झुगारून खेळला व जिंकला. दुसऱ्या दिवशी एकही नियम न मोडता सारे घालवून बसला.

"मामा, मग बरोबर खेळून उपयोग काय?"

"कमी हरशील, इतकाच," मी म्हणालो.

मातोश्री पाने गोळा करीत होत्या. "अरे, अर्धा का होईना, चिंचोका जातोच ना? मग त्यासाठी पगार कशाला न्यायचा?"

पगार आजीपाशी ठेवून तो गोव्यास गेला.

महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरील पानाफळांची संख्या सांगतो. त्याच्याकडून अक्षहृदय शिकलेला नल हरलेले राज्य पुन्हा जिंकतो. एकविसाच्या डावातील विद्या इतकी उदार नाही. ती फक्त तोटा आवरते. तथापि निर्णयाची योग्यता फळावरून ठरवू नये, हा तिचा धडा मोलाचा आहे. आमच्या जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त भागात जिरायत शेतकरी ओल पाहून ज्वारी पेरतो, आणि पीक करपले तरी त्याची पेरणी चुकली असे कोणी शहाणा म्हणत नाही. मात्र त्यास पेरल्यावाचून गत्यंतर नसते. पत्ते खेळणाऱ्यास उठून जाता येते. आणि हा निर्णय कोणत्याही कोष्टकात लिहिलेला नसतो.