फोटो काढायला मनाई

बाबांना एक सवय होती. कुठल्याही दारातून आत शिरताना ते दोन्ही हातांनी स्वतःचे खिसे चाचपायचे. आधी सदऱ्याचा, मग पँटचे. देवळात, लग्नाच्या कार्यालयात, माझ्या मुलीच्या शाळेत निकालाच्या दिवशी. बघणाऱ्याला वाटायचं, पाकीट हरवलं असेल. पाकीट जागेवरच असायचं. ते काडेपेटी शोधत असायचे, आणि ती नाही याची खात्री झाली की निवांतपणे आत जायचे.

चाळीस वर्षं ते खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. इंग्रजांनी १८६९ साली काढलेला हा दारूगोळ्याचा कारखाना. काडेपेटी, लायटर, विडी यातलं काहीही घेऊन गेटातून आत जायची सोय नव्हती. झडती रोजची. काही खात्यांत तर बूटसुद्धा वेगळे असायचे, खिळे नसलेले, चालताना ठिणगी पडू नये म्हणून. विडी ओढणारे मात्र निम्मे कामगार. त्यामुळे गेटाबाहेर एक टपरी होती आणि टपरीत एक मामा. सकाळी प्रत्येक जण आपलं बंडल आणि काडेपेटी मामांच्या हातात देऊन आत जायचा. वही नाही, चिठ्ठी नाही, बिल्ल्याचा नंबर नाही. फळीवर सगळी बंडलं एकाच छापाची. संध्याकाळी मामा ज्याचं त्याला देत, आणि कुणाच्या बंडलात किती विड्या उरल्या होत्या हेही सांगत. बाबांनी विडी सोडली तेव्हा आईच्या आधी ते मामांना कळलं होतं.

संध्याकाळी भोंगा व्हायचा. त्याचं वर्णन करता येत नाही. आधी पोटात काहीतरी हलायचं आणि मग कानाला ऐकू यायचं. भोंगा झाला की आमच्या आळीतल्या बायका दारातली पोरं आत ओढायच्या, कारण पाचच मिनिटांत रस्ता सायकलींचा होणार असायचा. शंभर-दोनशे नव्हेत, रस्ताभर सायकली. हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी, पँटच्या उजव्या पायाला चिमटा. कुणी घंटी वाजवायचं नाही, वाजवून उपयोग नव्हता. नुसती साखळ्यांची घरघर आणि अधूनमधून एखाद्याचं हसणं. रस्ता ओलांडायचा असेल तर थांबायचं, एवढाच उपाय. एसटी थांबायची, मिलिटरीचा ट्रकसुद्धा थांबायचा. एकदा आमच्या दारासमोर एक म्हैस त्या लोंढ्याच्या मधोमध उभी राहिली होती आणि सायकली तिच्या दोन्ही अंगांनी अशा वाहत गेल्या की तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

या लोंढ्यातून बाबा आमच्या दारापाशी बरोबर वेगळे निघायचे. कसे, ते मला अजून कळलेलं नाही. ब्रेक न लावता ते बाजूला येत आणि मागचे सगळे न बोलता त्यांना जागा देत.

पगाराच्या दिवशी गेटाबाहेर दुसरी एक रांग लागायची. वाणी, भिशीवाले, व्याजाने पैसे देणारे आणि काही जणांच्या बायका. बायका सगळ्यात पुढे. त्या दिवशी बाजारात जिलबीची कढई जास्त वेळ चालायची.

बाबा आत नक्की काय करतात हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायचं नसतं, एवढं माहीत होतं. शाळेत कुणी विचारलं तर ‘फॅक्टरीत आहेत’ असं सांगायचं. खडकीत त्यापुढे कुणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्याचा बापही तिथेच असायचा, नाहीतर हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरीत, नाहीतर लष्कराच्या ५१२ वर्कशॉपमध्ये. पण आत काय चाललंय ते घरातल्या वस्तूंवरून कळायचं. युद्ध लागलं की ओव्हरटाइम. सायकल घेतली ती १९६५ च्या ओव्हरटाइमची. आईचं शिलाई मशीन १९७१ चं. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, खिडक्यांना काळे कागद लावलेले आठवतात, आणि त्या अंधारात शेजारच्या अम्मांनी आमच्या सगळ्यांच्या हातावर ठेवलेला गरम भात आठवतो. फ्रिज कारगिलचा, १९९९. तेव्हा बाबांची निवृत्ती एका वर्षावर आली होती. आई कधी म्हणायची नाही, पण फ्रिज पुसताना ती जरा जास्तच गप्प असायची.

पुणे म्हणजे आम्हाला दुसरं गाव. लक्ष्मी रोडला निघालो तरी आम्ही ‘पुण्याला जाऊन येतो’ म्हणायचो, आणि पुण्यातले नातेवाईकही आम्ही पाहुणे असल्यासारखाच चहा विचारायचे. शाळेत इतिहासात खडकी एकदाच यायची: ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई. बापू गोखले लढले, दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. मास्तर हे वाक्य सांगताना पर्वतीच्या दिशेला हात करायचे आणि सगळा वर्ग त्या दिशेच्या भिंतीकडे रागाने बघायचा. त्यानंतर इथे लष्कर बसलं ते बसलंच. खडकीत जमीन सरकारची असते. जुन्या बंगल्यांना ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात, म्हणजे वर उभं असलेलं तुमचं, खालची माती सरकारची. आमच्यासारख्या भाडेकरूंचं तर वरचंही नव्हतं. एक कौल बदलायचं झालं तरी मालक म्हणायचे, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडून परवानगी आणू. परवानगी यायच्या आत पावसाळा येऊन जायचा.

आमच्याकडे होती ती वहिवाट. अम्मांच्या मोरीतून पाणी भरायची वहिवाट, चर्चच्या आवारातून शाळेला जायची वहिवाट, फॅक्टरीच्या मैदानावर हॉकी खेळायची वहिवाट. मोडकी स्टिक सायकलच्या ट्यूबने गुंडाळून आम्ही खेळायचो. याच मैदानांवर असाच मोडक्या काठ्यांनी शिकलेला एक मुलगा पुढे चार ऑलिंपिक खेळला. धनराज पिल्लेचे वडील फॅक्टरीच्या मैदानावर ग्राउंड्समन होते. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली भारताने बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण जिंकलं तेव्हा आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी आपण त्याला पाय आडवा घालून पाडलं होतं, असं शपथेवर सांगितलं. मीही सांगितलं. मला त्याच्याबरोबर खेळल्याचं आठवत नाही.

वहिवाटीचं काय होतं ते बोपखेलच्या लोकांना विचारा. दापोडीहून लष्कराच्या सीएमईच्या हद्दीतून त्यांचा जायचा-यायचा रस्ता होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. २०१५ मध्ये तो बंद झाला. दंगल झाली, मध्यंतरी मुळेवर तरंगता पूल टाकला गेला, आणि शेवटी पक्का पूल बांधून खडकीच्या बाजूने वाट काढावी लागली. पायाखालची सवय कोर्टात दाखवता येत नाही.

पेठांमधल्या मित्रांचे वाडे पडले, तिथे इमारती आल्या. ते सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक दिवस असतो: अमुक तारखेला वाडा पाडला. आमचं तसं झालं नाही. बांधायला परवानगी नाही म्हणून खडकीत भिंती राहिल्या आणि माणसं गेली. पोरांची लग्नं झाली, दोन खोल्यांत तिसरा संसार मावेना, मग कुणी पिंपळे सौदागरला, कुणी दिघीला, आम्ही वाकडला. प्रत्येक जण ‘जवळच तर आहे’ म्हणून गेला. कुणाला निरोप दिल्याचं मला आठवत नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. अम्मा मात्र लांब गेल्या. ऑर्डनन्सवाल्यांचं गणगोत ऑर्डनन्समध्येच पसरलेलं असायचं. सोयरिकी अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, देहूरोड अशा फॅक्टऱ्यांच्या गावांतच जमायच्या. माझी ताई वरणगावला दिली ती बाबांच्या खात्यातल्या एकाच्या ओळखीने. अम्मांचा थोरला चेन्नईजवळ आवडीला होता, तिथल्या फॅक्टरीत. तो न्यायला आला तेव्हा अम्मांनी आईला आपला पाटा-वरवंटा दिला. ‘ट्रेनमध्ये कोण नेणार हे दगड,’ म्हणाल्या. आईने तो वाकडच्या सातव्या मजल्यावर आणला आहे. वापरता येत नाही, खालचे तक्रार करतात.

बाबांना शेवटचं दवाखान्यात नेलं ते २०१९ च्या डिसेंबरात. स्ट्रेचर नको म्हणाले. माझ्या खांद्याला धरून ते काचेच्या दारापर्यंत आले, दार आपोआप उघडलं, आणि ते थांबले. दोन्ही हात सोडवून घेतले आणि खिसे चाचपले. आधी सदऱ्याचा. पायजम्याला खिसे नव्हते, तरी तिथेही हात फिरवला. वॉचमन बघत राहिला. मग म्हणाले, ‘चल.’

पुढचं त्यांनी पाहिलं नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. बाबांच्या बरोबरीचे एक काका, जे आजही बोपोडीच्या कट्ट्यावर बसतात, त्यांना मी विचारलं, काय फरक पडला? ते म्हणाले, ‘आधी आम्ही सरकारी होतो, आता सरकार आमचं गिऱ्हाईक आहे.’ कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या २०२३ मधल्या निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या. नागरी वस्ती महापालिकेत घालायची चर्चा सुरू झाली. म्हणजे आम्ही पुण्याला जायचो ते पुणेच आता खडकीला येणार. जुन्या मुंबई रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं लष्कराच्या जागेपायी अडलं होतं, तेही निघालं. टपरी गेलीच. मामा त्याआधीच गेले होते. फळीवरचं शेवटचं बंडल कुणाचं होतं, ते त्यांनाच माहीत.

मग मेट्रो आली. १ ऑगस्ट २०२३ पासून गाड्या सिव्हिल कोर्टापर्यंत धावू लागल्या, पण खडकीचं स्टेशन तयार नव्हतं. बोपोडी झाली की एकदम शिवाजीनगर. जवळजवळ दोन वर्षं मी ऑफिसला जाताना रोज खडकीवरून गेलो. उतरता येत नव्हतं. वरून पाहिलं की झाडं, रूळ, पत्रे, आणि कुठेतरी आमची कौलं. ती कुठली, हे गाडी ठरवू द्यायची नाही. २१ जून २०२५ ला स्टेशन सुरू झालं. मी आईला घेऊन गेलो. स्टेशनातून बाहेर पडून ती बाजाराच्या दिशेने बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘रस्ता केवढा रिकामा दिसतोय.’ रस्त्यावर त्या वेळी रिक्षा, टँकर, बस, दुचाक्या यांची अशी गर्दी होती की दहा मिनिटं आम्हाला पलीकडे जाता आलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही जुने फोटो काढले. बारशी, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, सत्यनारायण. तो सायकलींचा रस्ता कुठेच नाही. तेव्हा लक्षात आलं की तो असणारच नव्हता. फॅक्टरीच्या भिंतीवर पाट्या होत्या, फोटो काढायला सक्त मनाई. कॅमेरा असलाच तर त्याचं तोंड त्या दिशेला करायचं नाही, हे आम्हाला विस्तवाला हात लावू नये इतक्याच लवकर शिकवलेलं होतं. खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत, ओळीने, नावानिशी, हिरवळ कापलेली. मृतांची इतकी नीट नोंद ठेवणाऱ्या या गावात रोज संध्याकाळी घरी येणाऱ्यांची मात्र कुणीच ठेवली नाही.

एकच फोटो सापडला. १९८८, ताईच्या लग्नातला, वरात दारात आलेली. पुढे बँडवाले, फेटा बांधलेले बाबा, हात जोडून. डाव्या कडेला, अर्धं कापलं गेलेलं, एका सायकलचं पुढचं चाक आणि हँडलला अडकवलेली पिशवी. आई म्हणते ती बाबांचीच सायकल. बाबांची सायकल त्या दिवशी मागच्या अंगणात होती, मंडपवाल्याने हलवली होती. मला चांगलं आठवतं. पण मी तिला तसं बोललो नाही.

तेव्हा ही विनंती. तुमच्या घरात कुणी ॲम्युनिशनला, हाय एक्स्प्लोझिव्हजला किंवा ५१२ ला असेल, किंवा तुम्ही खडकी बाजारात राहिला असाल, तर जुने अल्बम एकदा बघा. माणसांकडे बघू नका. त्यांच्या मागे बघा, कडेला बघा. वरातीच्या, मिरवणुकीच्या, दारात उभ्या केलेल्या पोराच्या फोटोत चुकून तो सुटीच्या वेळचा सायकलींनी भरलेला रस्ता आला असेल, तर मला कळवा. फोटो देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. आईला घेऊन मी बघायला येईन.