दाखलखारीज

प्राथमिक शिक्षकाच्या पश्चात त्याचे काय उरते, असा प्रश्न निघाला की त्याचे विद्यार्थी उरतात असे उत्तर देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु घोड नदीच्या खोऱ्यातील आमच्या एकशिक्षकी शाळेत ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे घालविली, त्या गुरुजींच्या पश्चात उरले ते मुख्यतः एक दप्तर, आणि त्यातही विशेषेकरून शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, असे मी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यास ते काहीसे रुक्ष वाटते. वाटो बापडे.

तालुक्याची कचेरी घोडेगावी असली तरी ज्या गावाने तालुक्यास नाव दिले ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. आमची वाडी त्याच्या वरच्या अंगास, भीमाशंकरच्या डोंगराकडे. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात भाताची लावणी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करणे आणि बारमास गुरे, या तीन कामांतून उरलेल्या वेळात पोरांनी शाळेत बसावे, हा तिथला अलिखित कायदा होता. गुरुजी मूळचे जुन्नरचे. स्कूल बोर्डाने त्यांची बदली या डोंगरात केली तेव्हा ते लवकरच परत जाणार अशी सर्वांची अटकळ होती. पण ते राहिले, आणि वाडी उठेपर्यंत गावाने त्यांचे नाव ‘आपले गुर्जी’ यापलीकडे कधी उच्चारले नाही.

जुन्नरचा त्यांना अभिमान होता, पण तो शिवनेरीपुरता नव्हता. जुन्नरी कागद एके काळी किती नावाजलेला होता हे ते सरकारी रजिस्टरच्या पिवळट पानावरून बोट फिरवीत सांगत. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेण्यात यज्ञाच्या दक्षिणेचे, गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे दगडात कोरून ठेवले आहेत, हे ऐकविताना त्यांना त्या यज्ञांपेक्षा त्या आकड्यांचेच कौतुक अधिक वाटे. “राणी असून हिशेब लिहून ठेवला रे,” असे ते म्हणत.

आता त्यांच्या स्वतःच्या नोंदींविषयी. त्या काळी खेड्यातल्या मुलाची जन्मतारीख घरी कोणास ठाऊक नसे, आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने अनेक ठिकाणी सरसकट १ जून ही तारीख घालून मास्तर मोकळे होत; महाराष्ट्रात आमच्या पिढीतील निम्म्या लोकांचा जन्म एकाच दिवशी झाला की काय, अशी शंका पेन्शनरांच्या याद्या पाहताना आजही येते. गुरुजी तसे करीत नसत. माझे नाव घालावयास वडील मला घेऊन गेले तेव्हा त्यांनी वडिलांना ओट्यावर बसविले आणि आईला बोलावणे धाडले, कारण या बाबतीत बापाची साक्ष निरुपयोगी असते, असे त्यांचे स्वच्छ मत होते. “शिवरातीची जत्रा झाली, त्याच्या म्होरला दुसरा बाजार व्हता, त्या राती,” असे आईने सांगितले. गुरुजींनी जुनी पंचांगे काढली, जत्रेपासून बाजाराचे वार मोजले, आणि मग तारीख लिहिली. त्या तारखेवर मी पुढे मामलेदार कचेरीत कारकुनी केली आणि सेवानिवृत्तही झालो.

जातीच्या रकान्यात नुसते ‘कोळी’ लिहून भागत असताही ते ‘कोळी महादेव’ असे पूर्ण लिहीत. येथे त्यांच्या पदरी द्रष्टेपणाचे श्रेय घालण्याचा मोह होतो, तो मी टाळतो. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला ६ सप्टेंबर १९५० रोजी, आणि आमच्या घरच्या नोंदी त्यापूर्वीच्या आहेत. जे विचारले त्याचे उत्तर अर्धवट लिहू नये, एवढाच त्यांचा बाणा होता. परंतु त्याच आदेशामुळे १९५० पूर्वीच्या शाळेच्या नोंदीस जो भाव आला तो सर्वश्रुत आहे, आणि जातपडताळणीसाठी नातवंडांना आजोबा-पणजोबांचा उतारा शोधीत हिंडावे लागते तेव्हा त्या एका जादा शब्दाची किंमत कळते. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा ते रजिस्टर पत्र्याच्या पेटीतून नव्या वसाहतीच्या शाळेत गेले. जुनी पाने मोडीत असल्याने ती वाचण्यास लोक मला घेऊन जातात, कारण मोडी मला गुरुजींनीच शिकविली.

माझ्या नातीच्या पडताळणीत माझ्या थोरल्या बहिणीचीही नोंद लागली. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यांनी, मनुष्य सज्जन, पण काटेकोर, आक्षेप काढला की एकाच मुलीचे नाव दोनदा कसे. शाळा सोडल्याचे कारण म्हणून बहुतेक मास्तर ‘सततची गैरहजेरी’ एवढेच लिहीत. गुरुजी खरे कारण लिहीत. हिरडा. गुरे. सावकाराकडे चाकरी. ताईच्या नावापुढे १९४९ मध्ये होते ‘लग्न’. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शारदा कायदा गुरुजींना पाठ होता, तरी त्याची धमकी त्यांनी दिली नाही, ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, “तू सावकाराला लिहून दिलेलं खत आण, पोरीला वाचू दे.” ताईने कंदिलाच्या उजेडात अडखळत वाचले. खतातली रक्कम वडिलांच्या समजुतीतल्या रकमेहून बरीच मोठी निघाली. वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत, मग “सोयरे खोळंबलेत, गुर्जी” म्हणाले, आणि गुरुजी म्हणाले, “खोळंबू देत.”

हे सारे मी अधिकाऱ्यांना सांगितले नाही. ‘पुनः दाखल’ या नोंदीसमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात मोडीत जे होते तेवढे वाचून दाखविले, आणि त्यांनी ते देवनागरीत उतरवून घेतले: “सोयरीक पुढे ढकलली. पाढे तिसापर्यंत येतात, पावकी राहिली आहे.”