आवाजाच्या बटणाची खरखर

घरांतील ध्वनियंत्र खरखरूं लागलें, कीं तें जुनें झालें असें समजून टाकून देण्याचा प्रघात हल्लीं पडला आहे. वास्तविक दोष पुष्कळदां एका बटणापुरताच असतो. आवाजाच्या बटणाच्या पोटांत नालाच्या आकाराची कार्बनची पट्टी असते व तिच्यावरून धातूची जीभ सरकते. या दोहोंमध्यें धूळ किंवा गंज बसला म्हणजे वीज अडखळते आणि तेंच अडखळणें कर्ण्यांतून ऐकूं येतें. आमच्या नवी मुंबईची खाडीकांठची दमट हवा गंजास साह्यच करते.

उपाय सोपा आहे. प्रथम पिन काढून बटण वीस-तीस वेळां या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावें. तेवढ्यानेंही मळ झडतो. न भागल्यास अर्ध्या तासानें झांकण उघडावें, कारण कपॅसिटरमध्यें सांठलेली वीज लगेच ओसरत नाहीं. बटणाच्या पायांजवळील फटींतून काँटॅक्ट क्लीनरचा अल्प फवारा मारावा. अधिक मारल्यास आंतील वंगण धुवून जातें. पुन्हां फिरवून, पूर्ण वाळल्यावरच वीज द्यावी. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओस मात्र घरीं हात लावूं नये. त्यांतील विजेचा दाब जीवघेणा असतो.

आमच्या सौभाग्यवतींची दृष्टि मंदावली आहे; पुस्तकें, कीर्तनें, नाट्यगीतें सारें त्यांना कानांनींच घ्यावें लागतें. तडतडाटानें त्या दचकत व यंत्र बंद करून स्वस्थ बसत. चिरंजीव म्हणाले, “नाना, टाकून द्या आतां. नवें आणूं.” परंतु या यंत्राची प्रत्येक कळ त्यांच्या बोटांच्या ओळखीची, नव्या कळा चांचपडत शिकणें त्यांना जड गेलें असतें. दुपारभर खटपट केली व त्यांचें ऐकणें पूर्ववत् सुरू झालें.

पट्टीच झिजली असेल, तर मुंबईस लॅमिंग्टन रोडवर नवा भाग मिळतो. ओहमचा आंकडा तोच पाहावा आणि पट्टी ‘लॉग’ प्रकारची मागावी. आपला कान आवाजाची वाढ गुणोत्तरानें मोजतो. साध्या पट्टीवर बटण जरासें फिरवितांच आवाज उसळतो.

एका संधीच्या चुकीसाठीं सबंध निबंधावर काट मारणारा शिक्षक चांगला नव्हे. जुन्या वस्तु तपासतांनाही हाच नियम पाळावा.