दर्यातल्या ठाण्याचा तह लोणावळ्याला

अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला भरतीला बेट होतो. ओहोटीला त्याच्यापर्यंत पायी जाता येते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे. त्याचे सामर्थ्य समुद्रात होते. धास्ती मात्र पाठीमागच्या घाटमाथ्याची.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर धाडले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि मावळातला लोहगड घेतला. दर्यावरची सत्ता आता घाटावर उभी होती. साताऱ्याच्या गादीलाच धोका निर्माण झाला.

नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी युद्धाऐवजी बोलणी केली. १७१४ चा लोणावळ्याचा तह तो हाच. कान्होजींनी शाहूंचा पक्ष स्वीकारला, पिंगळ्यांना सोडले. सरखेलपद आणि सागरी किल्ले त्यांच्याकडेच राहिले.

या शहाणपणाचे मोल पुढे कळले. १७२१ अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाळाजीपंतांचे पुत्र बाजीराव फौजेसह कोकणात उतरले. कुलाबा पडला नाही. सागरी तळ केवळ तोफांवर टिकत नाही. डोंगरापलीकडचा शेजारीही आपला असावा लागतो.